बाकीचे कुठे बसतात?

बाजारातल्या पुरुषांच्या पोटात काय आहे ते डॉक्टरला कळत असेल, पण मनात काय आहे ते फक्त आपल्याला कळतं, अशी सलूनवाल्या मास्तरांची पक्की खात्री होती. "पुरुष देवापुढे खोटं बोलेल, बायकोपुढे तर बोलेलच बोलेल, पण माझ्या खुर्चीत बसला की खरंच बोलतो!" असं ते दिवसातून निदान दोनदा तरी म्हणत. या सिद्धांताला आजवर कुणीही विरोध केला नव्हता. कारण मास्तर हे वाक्य नेमकं गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना म्हणत.

सलूनमध्ये खुर्च्या दोन. दाराजवळची मास्तरांची आणि आतली लंबूची. लंबू म्हणजे मास्तरांचा मदतनीस. एवढा उंच की गिऱ्हाइकाची दाढी करताना कमरेत काटकोन व्हायचा. त्याचे आजोबा समुद्रापलीकडून जहाजातून आले होते. त्याच्याकडचे सगळे लोक रंगानं काळेभोर, राहायला पुलाच्या पलीकडे, म्हणून बाजार त्यांना 'पुलापलीकडचे' म्हणे. बाजार स्वतः गव्हाळ होता आणि आपल्याला रंगबिंग काही दिसत नाही असं मानत होता.

तर एका सकाळी मास्तरांची बायको, जिचं सलूनच्या शेजारीच शिवणकामाचं दुकान होतं, मशीन थांबवून सलूनमध्ये आली आणि म्हणाली, "अहो, मी बाजार समितीच्या अध्यक्षपदाला उभी राहते आहे."

मास्तरांच्या हातातला ब्रश फेसात बुडाला तो वर येईना.

"अगं पण का?"

"का म्हणजे? बायकांच्या स्वच्छतागृहात अध्यक्षांनी रंगाचे डबे भरून ठेवलेत! आम्ही बायका रोज बसस्टँडपर्यंत चालत जातो. विचारलं तर म्हणतात, बाजारात बायका आहेतच किती!"

हे खरं होतं. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं, गोदाम लहान पडत होतं, आणि स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याच कमरेला होती. बरीच वर्षं ते बिनविरोध निवडून येत होते, कारण विरोध करण्याइतका वेळ कुणाकडे नव्हता.

"पण एक गोष्ट आहे," बायको जरा खालच्या आवाजात म्हणाली. "मतं जवळजवळ सगळी पुरुषांचीच. ते बाईला मत देतील का? तुम्हाला सगळ्यांच्या मनातलं कळतं ना? मग विचारून सांगा. हसं होणार असेल तर मी आजच नाव मागे घेते. पण खरं सांगा हं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोनं मास्तरांचं ते कौशल्य कामाला लावलं असं पहिल्यांदाच घडत होतं. मास्तरांची छाती फुगली. "चार दिवसांत निकाल तुझ्या हातात देतो!" ते म्हणाले.

मास्तर कामाला लागले. आधी घड्याळजी आले. घड्याळजी म्हणजे बाजारातले घड्याळ दुरुस्त करणारे, एका डोळ्यावर भिंग लावून लावून तो डोळा कायमचा मिचमिचा झालेले. मास्तरांनी फेस लावला, मान मागे केली, वस्तरा गळ्याच्या घाटीवर टेकवला आणि प्रेमानं विचारलं, "आमची ही उभी राहिली आहे. मत देणार ना?"

"वहिनींना? हा काय प्रश्न झाला!" घड्याळजी ओठ न हलवता म्हणाले.

मग बेकरीवाला आला. "वहिनींनाच!" मग चष्मेवाला आला. "वहिनी सोडून दुसरं कोण!" कुणी नाही म्हटलं नाही. कुणी मान हलवलीसुद्धा नाही. मास्तर शेजारच्या दुकानात धावत गेले आणि म्हणाले, "बिनविरोधच समज!"

बायकोनं सुईत दोरा ओवता ओवता त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. "खरंच देतील?" तिनं विचारलं. एवढी खूश झालेली बायको मास्तरांनी फार वर्षांत पाहिली नव्हती, आणि तिथंच त्यांनी मनाशी ठरवलं की आता काहीही झालं तरी हिचं हसं होऊ द्यायचं नाही.

पहिली ठिणगी शनिवारी पडली. शनिवारी सलूनमध्ये गर्दी असते, त्यामुळे एरवी मास्तरांचं गिऱ्हाईक असलेला बेकरीवाला नाइलाजानं लंबूच्या खुर्चीत बसला. मास्तर आपल्या खुर्चीत एकाची कलमं कापत होते. तेवढ्यात पलीकडून लंबूचा हळू आवाज ऐकू आला, "शेठ, माझी बहीण अध्यक्षपदाला उभी राहतेय. मत देणार ना?"

"सायकलवाली ताई? हा काय प्रश्न झाला!" बेकरीवाला ओठ न हलवता म्हणाला.

मास्तरांच्या हातून एक कलम दुसऱ्यापेक्षा बोटभर वर गेलं.

लंबूच्या बहिणीचं पुलाच्या तोंडाशी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तीही रोज बसस्टँडपर्यंत चालत जायची. तिनंही तेच डबे पाहिले होते, तिनंही नाव दिलं होतं आणि तिनंही भावाला विचारलं होतं, "बाजारातले पुरुष मला मत देतील का? खरं सांग!"

दुपारी गर्दी ओसरल्यावर मास्तरांनी लंबूला गाठलं. "किती जणांनी तुला हो म्हटलं?"

"सगळ्यांनी, मास्तर."

"आणि मलाही सगळ्यांनी! अरे, म्हणजे बाजार खोटं बोलतोय!"

"माझ्या खुर्चीत नाही बोलत," लंबू म्हणाला.

"माझ्या खुर्चीत तर शक्यच नाही!"

दोघं आपापल्या खुर्चीकडे बघत बसले. खरं काय ते एकदाच कळायला हवं होतं. तेवढ्यात चष्मेवाला दाढीसाठी आला आणि मास्तरांच्या डोक्यात कल्पना चमकली. त्यांनी डाव्या गालावर वस्तरा धरला.

"मत कुणाला?"

"वहिनींना! बाई असली म्हणून काय झालं? आपल्यातली आहे!"

मास्तरांनी खूण केली. लंबू काटकोनात वाकला आणि त्यानं उजवा गाल हातात घेतला.

"मत कुणाला, साहेब?"

"ताईलाच!" चष्मेवाला छताकडे बघत म्हणाला. "रंगाचं काय घेऊन बसलात? कष्टाची बाई आहे. पाना तर पुरुषासारखा फिरवते!"

"अहो, आत्ताच तुम्ही डाव्या गालानं वहिनी म्हणालात!" मास्तर ओरडले. तेवढ्यात दार उघडून खुद्द अध्यक्ष आत आले. चष्मेवाल्यानं त्यांना आरशात पाहिलं आणि हनुवटीवर फेस तसाच असताना तो म्हणाला, "काही म्हणा, अध्यक्षांना तोड नाही! बाई काय नि रंग काय, शेवटी अनुभव लागतो!"

अध्यक्ष प्रसन्न हसले आणि बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसले. मास्तरांनी चष्मेवाल्याचं तोंड धुतलं, तुरटी फिरवली, वस्तरा मिटून खिशात टाकला आणि त्याला हाताला धरून बाहेर फुटपाथवर आणलं.

"आता माझ्या हातात काही नाही. नक्की कुणाला?"

चष्मेवाल्यानं गाल चाचपले. मग तो अगदी मनापासून म्हणाला, "मला कुणीही चालेल हो, मास्तर. बाई चालेल, पुलापलीकडची चालेल. प्रश्न बाकीच्यांचा आहे. बाकीचे नाही देणार."

मास्तर तसेच घड्याळजींकडे गेले. "मला काय अडचण?" घड्याळजी म्हणाले. "पण बाकीचे बाईचं ऐकतील का?" बेकरीवाल्याकडे गेले. "मी देईन हो. पण पुलापलीकडची म्हटल्यावर बाकीचे..." मग वाटलं, निदान मासेवाला तरी सरळ बोलेल. मासेवाला लंबूच्याच लोकांतला होता.

"तुझं तर ठरलेलंच असेल," मास्तर म्हणाले.

"का? रंग सारखा म्हणून?" मासेवाल्यानं सुरा टोपलीवर ठेवला. "अध्यक्ष तुमच्या रंगाचे आहेत. तुम्हाला आवडतात?"

"नाही."

"मग! आणि ती मला सायकलीच्या रांगेत उभं करते. घरचा माणूस असून! तरी मी देईन एखादं मत. पण आमच्याकडचे बाकीचे म्हणतात, बाईनं मोठ्या माणसांत कशाला बोलावं?"

मास्तर संध्याकाळपर्यंत बाजारभर फिरले. प्रत्येक माणूस चांगला निघाला. प्रत्येकाचं मन मोठं होतं. वाईट होते ते फक्त बाकीचे! आणि हे बाकीचे कुठल्या गाळ्यात बसतात, दाढी कुठे करतात, काही पत्ता लागेना. मास्तर इतके गोंधळले की घरी जाताना स्वतःच्याच सलूनचं शटर उघडं टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंबूला समजावलं, "हे बघ, दोघी उभ्या राहिल्या तर मतं फुटतील. दोघींचं हसं होईल. तुझ्या बहिणीला नाव मागे घ्यायला सांग."

"तिनंच का?"

"अरे, मला काही नाही! तुझी बहीण ती माझी बहीण! पण बाकीचे..."

लंबू वस्तरा पट्ट्यावर घासत होता. तो थांबला. "बाकीचे म्हणजे कोण, मास्तर?" त्यानं विचारलं. रागानं नाही, अगदी साधेपणानं, पत्ता विचारावा तसं. मास्तरांनी उगाच टॉवेल झटकले.

तोवर बायकांनी आपलं ठरवून टाकलं होतं. बसस्टँडच्या वाटेवर दोघी रोज बरोबर असायच्या, आणि एकीनंच उभं राहायचं हे त्यांना मास्तरांच्या आधी कळलं होतं. त्यांनी सायकलचं चाक उलटं धरून फिरवलं. व्हॉल्व्ह जिच्या बाजूला थांबेल तिनं उभं राहायचं. व्हॉल्व्ह ताईच्या बाजूला थांबला.

"अगं, चाकावर असं कुणी ठरवतं का?" मास्तर म्हणाले.

"तुमच्या वस्तऱ्यापेक्षा चाक खरं बोलतं," बायको म्हणाली. ती मास्तरांच्या नव्या सदऱ्याची कॉलर बेतत होती. टेप त्यांच्या गळ्याभोवती होती, टाचण्या तिच्या दातांत आणि कापड कापायची मोठी कात्री त्यांच्या कानाशी. "तुम्ही तरी ताईला मत देणार ना?"

"म्हणजे काय! हा काय प्रश्न झाला!" मास्तर ओठ न हलवता म्हणाले.

आणि आपला आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा त्यांना वाटला.

मतदान चष्मेवाल्याच्या दुकानात होतं, डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत. एकेकानं पडद्याआड जायचं, चिठ्ठीवर अध्यक्षांचा हातोडा किंवा ताईची सायकल यातल्या एका चित्रावर शिक्का मारायचा आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. मास्तर आत गेले. समोर भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं होती. इथं वस्तरा नव्हता, कात्री नव्हती, आरसासुद्धा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मास्तरांना कुणी बघत नव्हतं.

त्यांनी शिक्का सायकलवर नेला, पण हात मध्येच अडला.

का बरं अडला? मास्तर स्वतःलाच विचारू लागले. समजा, लंबू उभा असता तर? दिलं असतं की! डोळे मिटून दिलं असतं. मग रंगाचा प्रश्न नाही. बरं, आपली बायको उभी असती तर? तिलाही दिलं असतं. मग बाईचाही प्रश्न नाही. रंग चालतो, बाई चालते, मग लंबूची बहीण म्हटल्यावर हाताला झालं काय? त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हिशेब मांडला, पुन्हा तिथंच येऊन अडकले. बाहेरून घड्याळजी ओरडले, "मास्तर, झोपलात की काय!"

ताई पडणारच, मास्तरांच्या मनात आलं. बाकीचे देणारच नाहीत. मग आपलं एक मत वाया घालवून काय मिळणार? घाई झाली, घाम फुटला, शिक्का उमटला. बघतात तो हातोड्यावर. मास्तरांनी चिठ्ठीची घडी घातली, ती डब्यात टाकली आणि बाहेर येऊन लंबूच्या पाठीवर जोरात थाप मारली. ती थाप मारताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी आणखी एक मारली.

मोजणी घड्याळजींनी डोळ्यावर भिंग लावून केली, म्हणजे संशयाला जागा नको. त्यांनी पहिली चिठ्ठी उघडली.

"सायकल!"

बरं, लंबूचं असेल, मास्तरांनी मनात म्हटलं.

"सायकल! सायकल! सायकल!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. अध्यक्षांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण गाल खाली आले. घड्याळजी सायकल सायकल म्हणत राहिले आणि एकदाच अडखळले. "हातोडा!" मग पुन्हा डबा रिकामा होईपर्यंत सायकलच.

सगळा बाजार अवाक झाला. अवाक व्हायला कुणी बाहेरचं नव्हतंच, सगळे मत देणारेच होते!

"मी तर म्हटलं, बाकीचे काही देणार नाहीत," बेकरीवाला पुटपुटला. "बाईमाणूस, त्यातून पुलापलीकडची. बिचारीला शून्य मतं पडली तर बरं दिसणार नाही. म्हणून मी आपलं एक..."

"अहो, मीही तेच केलं!" चष्मेवाला म्हणाला.

"आमच्याकडचेही बाकीचे देणार नव्हते," मासेवाला म्हणाला. "म्हणून मी दिलं."

हा आदर म्हणावा की दया, की निव्वळ घोटाळा, कुणाला कळेना. सगळ्यांनी अपराधी चेहऱ्यानं ताईकडे पाहिलं. तिनं ग्रीसचे हात फडक्याला पुसले. "दयेनं दिलं काय नि चुकून दिलं काय, आता परत मिळायचं नाही," ती म्हणाली आणि अध्यक्षांपुढे तळहात पसरला. "किल्ली."

रंगाचे डबे त्याच दुपारी बाहेर आले. मास्तरांची बायको आणि ताई दोघींनी मिळून ते हार्डवेअरच्या दारात रचले, आणि रचताना त्या इतक्या हसत होत्या की त्यांना डबा उचलवेना. मास्तर लांबून बघत होते. आनंद झालाच होता. पण ते एक मत दातात अडकलेल्या केसासारखं निघता निघेना. नशिबानं कुणी त्याची चौकशी केली नाही. ते अध्यक्षांचं स्वतःचं, हे इतकं उघड होतं! मास्तर तर तीन-चार गिऱ्हाइकांना आपणहून म्हणाले, "माणसानं स्वतःला मत द्यावं, त्यात गैर काय?"

पुढच्या शनिवारी गर्दी होती. माजी अध्यक्ष दाढी करायला आले आणि लंबूच्या खुर्चीत बसले. बाकावर चष्मेवाला, घड्याळजी आणि बेकरीवाला होते. मास्तरांची बायको नवा सदरा दाखवायला दारात येऊन उभी होती.

लंबूनं वस्तरा गळ्याशी नेला. काही विचारलं नाही. माजी अध्यक्षच आपणहून बोलले.

"लंबू, तुला सांगतो. मीसुद्धा तुझ्या बहिणीलाच मत दिलं."

मास्तरांच्या हातातली कात्री थांबली.

"हो! मला वाटलं, बाकीचे सगळे मलाच देणार. मग तिला शून्य पडलं असतं, आणि पुलापलीकडचे म्हणाले असते की या बाजारात रंग बघतात. बाजाराचं नाव खराब नको म्हणून एक मत टाकलं."

"खोटं!" मास्तर ओरडले. त्यांचा आवाज शिट्टीसारखा निघाला. "साफ खोटं! वस्तऱ्याखाली माणूस कधीच खरं बोलत नाही!"

आयुष्यभराचा सिद्धांत मास्तरांनी स्वतःच्याच तोंडानं मोडला होता. लंबूनं सावकाश वस्तरा मिटला, गिऱ्हाइकाच्या गळ्यातला टॉवेल सोडला आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"आता सांगा, साहेब."

"तेच सांगतो," माजी अध्यक्ष अर्ध्या दाढीनं म्हणाले. "सायकल. घरी बायकोनंही विचारलं, तिलाही हेच सांगितलं."

"मग तो हातोडा कुणाचा?" घड्याळजींनी विचारलं. सवयीनं त्यांचा हात भिंगाकडे गेला.

चष्मेवाल्यानं बेकरीवाल्याकडे पाहिलं, बेकरीवाल्यानं घड्याळजींकडे. मग एकेक नजर आरशात वळली आणि आरशातून मास्तरांवर येऊन थांबली. लंबूनं मास्तरांकडे त्या दिवशीचा, उत्तर न मिळालेला प्रश्न पुन्हा विचारल्यासारखं पाहिलं, आणि मास्तरांना वाटलं, यापेक्षा त्यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दारातून बायको आत आली. तिनं सदरा खुंटीला अडकवला, मास्तरांच्या खुर्चीवरचे केस फडक्यानं झटकले, गळ्याला बांधायचा टॉवेल उलगडून हातात धरला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली,

"अहो बाकीचे, बसा जरा."